चिंबोरीची जखम चिघळत का नाही?

प्रश्न : आमच्याकडे खडपात एक डेंगा तुटलेल्या चिंबोऱ्या नेहमी दिसतात. भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यात राहूनही ती जखम चिघळत कशी नाही? आणि असल्या गोष्टींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमकं करतात तरी काय?
– एक वाचक, काशीद (ता. मुरूड, जि. रायगड)

उत्तर : समुद्राच्या मिलिलिटरभर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, तेव्हा तुमची शंका रास्तच आहे. जिवावर बेतलं की चिंबोरी स्वतःच पाय टाकते, तोही ठरलेल्या जागी. तिथे आत एक पडदा असतो, त्यामुळे रक्त फार जात नाही. मग रक्तातल्या पेशी तिथे धावतात, रक्त गोठतं आणि जखम काळी पडून बंद होते. चिंबोरी साफ करताना बुंध्याशी काळी खपली दिसते ती हीच. आपल्याला रोग होऊन गेल्यावर किंवा लस टोचल्यावर प्रतिपिंडं तयार होतात. चिंबोरीकडे ती मुळीच नसतात. तिची सगळी भिस्त जन्मतःच मिळालेल्या, म्हणजे उपजत प्रतिकारशक्तीवर.

या शक्तीचा शोध समुद्रकाठीच लागला. ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून इल्या मेचनिकॉव्ह 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला राहायला गेले. घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना ते तारामाशाची पारदर्शक पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले होते. आतल्या फिरत्या पेशी बघून त्यांच्या मनात आलं, की या शरीराचं रक्षण तर करत नसतील? त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा!

मला या प्रयोगाचं फार अप्रूप वाटतं. एक काटा, एक भिंग आणि नेमका प्रश्न, एवढ्यावर एक शास्त्र उभं राहिलं. आपल्या बोटात काटा मोडला की होणारा पू म्हणजेही बहुतांशी लढून मेलेल्या अशाच पेशी. त्या काळचे बरेच डॉक्टर मात्र म्हणत, की या पेशी उलट जंतूच अंगभर पसरवतात. मेचनिकॉव्ह पंचवीस वर्षं वाद घालत राहिले आणि 1908 मध्ये पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

पण पेशींना शत्रू ओळखू कसा येतो? हे कोडं बरंचसं सुटायला 1996 साल उजाडलं. ज्यूल हॉफमन यांच्या स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत दिसलं, की ‘टोल’ नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीला बळी पडतात. त्याच घराण्यातली जनुकं माणसातही आहेत. 2011 च्या नोबेलमध्ये हॉफमन यांचा वाटा होता. या शास्त्रज्ञांचं रोजचं काम ते हेच: एखादा साधा जीव घ्यायचा, त्यातली एकच गोष्ट बिघडवायची आणि काय अडतं ते चिकाटीने बघायचं.

मेचनिकॉव्ह यांचे ओडेसातले एक विद्यार्थी तर थेट आपल्याकडे आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यावर लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन ते हेच. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते.

खडपात एक डेंगा लहान असलेली चिंबोरी दिसली, तर कवच टाकल्यावर तिला तो नव्याने फुटला आहे, असं समजा. नीट पाहून घ्या आणि तिला पाण्यात सोडून द्या.