भरतीची रेषा आणि किनाऱ्यावरील कचरा

कोलकात्याच्या उत्तर भागात हुगळी नदीच्या काठी बागबाजार घाट आहे. मराठी वाचकास हा भाग अगदीच परका नाही. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, तो याच बाजूस होता; तो पुढे बुजविला गेला, तरी ‘मराठा डिच लेन’ हे गल्लीचे नाव उरले आहे.

येथून समुद्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तथापि भरती-ओहोटी या घाटापर्यंत पोहोचते. सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने पाणी पायऱ्या चढते व उतरते. म्हणून कचऱ्याच्या दृष्टीने हा घाट आणि मुंबईची जुहू चौपाटी यांचा प्रश्न एकच ठरतो: समोर पडलेला कचरा येथे कोणी टाकला, आणि पाण्याने कोणता आणला?

केवळ पाहून याचे उत्तर मिळत नाही, मोजावे लागते. किनाऱ्यालगत १०० मीटर लांबीचा पट्टा दोरीने आखून त्यातील प्रत्येक वस्तू प्रकारवार नोंदवितात. समजा, पट्टा १० मीटर रुंद आहे व त्यात प्लास्टिकच्या ३०० वस्तू सापडल्या. १००० चौरस मीटरांत ३००, म्हणजे चौरस मीटरला ०.३. या संख्येस २० ने गुणिले म्हणजे ‘स्वच्छ किनारा निर्देशांक’ मिळतो. येथे तो ६ येतो. २ पर्यंतचा किनारा अतिस्वच्छ, ५ पर्यंतचा स्वच्छ, १० पर्यंतचा मध्यम, २० पर्यंतचा अस्वच्छ आणि त्यापुढील अत्यंत अस्वच्छ समजतात. ही पद्धत २००७ साली इस्राएलमधील किनाऱ्यांच्या अभ्यासातून मांडली गेली.

परंतु एका दिवसाचा हा आकडा फसवा असतो. तो साठा दाखवितो, आवक दाखवीत नाही. आवक कळण्यासाठी पट्टा पूर्णपणे साफ करून ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजला पाहिजे. शिवाय जे तरंगते तेच पाणी काठाला आणून लावते. थर्माकोल, पिशव्या, बूच लागलेल्या रिकाम्या बाटल्या येतात. काच आणि मूर्तीची माती तळाशी जाते व गणनेतून निसटते.

तिथीही पाहावी लागते. दुर्गामूर्तींचे विसर्जन विजयादशमीस सुरू होते. अष्टमीच्या सुमारास भरती सर्वांत लहान असते आणि तेथून पौर्णिमेपर्यंत तिची रेषा वर सरकत जाते. म्हणून दशमीस पाण्याच्या कडेला राहिलेले गवत, बांबू व सजावटीचे सामान, पुराचा जोर नसला तरी, पुढील चार-पाच दिवसांत उचलले जाऊन नदीत पसरते. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन मात्र उधाणाच्या तोंडावर येते. त्यानंतर पाण्याची रेषा लवकरच खाली उतरू लागते, आणि उरलेला कचरा वाळूच्या वरच्या कडेस पुढील उधाणापर्यंत पडून राहतो. दोन्ही ठिकाणी उत्सवानंतर आठव्या दिवशी गणना केली, तर बागबाजार उगाच स्वच्छ आणि जुहू उगाच अस्वच्छ दिसेल.

व्यवस्थेचे निर्णय या हिशेबावर अवलंबून असावेत. कोलकात्यात विसर्जित मूर्तींचे सांगाडे यंत्राने लगेच पाण्याबाहेर ओढून काढण्याची पद्धत आहे. ती योग्यच, कारण तेथे मुदत दिवसांची नसून पुढच्या भरतीची असते. गणनेत पर्यटकांच्या खाण्याच्या ताटल्या, पेले अधिक आढळले तर कचरापेट्या व विक्रेत्यांवरील नियम उपयोगी पडतात. घरगुती पाकिटे, चपला आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्या अधिक असल्या, तर दोष बहुधा नाल्यांकडे जातो. मग जाळी नाल्याच्या मुखाशी हवी. वाळू रोज झाडण्यावर कितीही खर्च केला तरी पुढची भरती ती पुन्हा भरते.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर भारतात बंदी आहे. सजावटीचे थर्माकोल, ताटल्या, पेले, नळ्या इत्यादींचा तीत समावेश होतो. जेथे त्यापूर्वीच्या प्रकारवार नोंदी आहेत, तेथे त्याच पट्ट्यात, त्याच तिथीस पुन्हा मोजून या बंदीचा परिणाम तपासता येतो. शाळेच्या विद्यार्थ्यांनाही, शिक्षकांच्या देखरेखीखाली व ओहोटीची वेळ पाहून, दोरी, वही आणि हातमोजे एवढ्या साहित्यावर हे काम करता येईल.