एनओसी होती, म्हणे!

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात बिअर शॉपी सुरू झाली आहे. आता जो तो मला विचारतो, "काकू, तुम्ही एवढी धावपळ केली होती ना, मग झालं काय?" काय झालं ते एकदाच लिहून टाकते. 'काकूंना दुसरा उद्योग नाही' म्हणून ज्यांनी तेव्हा हसून घेतलं, त्यांनी तर जरूर वाचावं.

अर्ज गेल्याचं आम्हाला समजलं ते शेजारच्या किराणावाल्याकडून. संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. सूर एकच होता: घाबरायचं कारण नाही, मागे शाळा आहे, कोपऱ्यावर दत्तमंदिर आहे, वर पहिल्या मजल्यावर दहावीचे क्लास चालतात, परवाना मिळतोय कशाला! मी म्हटलं, नियम वाचून बघू. त्यावर आमच्या सेक्रेटरींनी असा चेहरा केला, जणू मी त्यांच्याकडे मेंटेनन्सचा हिशेबच मागितला.

नियम मी वाचले. शाळा आणि देवळापासून ७५ मीटरची अट आहे, हे खरं. पण शाळा म्हणजे मान्यताप्राप्त शाळा. खासगी क्लास त्यात धरत नाहीत. देऊळ म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टचं देऊळ. आमच्या दत्ताला आरतीला गर्दी होते, गुरुवारी प्रसाद असतो, दत्तजयंतीला मांडव पडतो, पण ट्रस्टची नोंदणी कुणी केलेलीच नाही. म्हणजे कागदोपत्री तिथे देऊळच नाही! आणि अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या सर्वांत जवळच्या गेटाच्या मध्यापर्यंत, माणूस एरवी ज्या वाटेनं चालत जातो त्या वाटेनं मोजतात.

हे गाळेवाल्याला आमच्या आधी ठाऊक होतं. अर्ज करण्यापूर्वीच त्यानं मागचं शटर भिंत घालून बंद केलं आणि बाजूच्या बोळात नवं दार काढलं. आम्हाला वाटलं, माणूस दुकानाची डागडुजी करतोय. शाळेचं मागचं गेट त्याच्या जुन्या शटरपासून हाकेच्या अंतरावर आहे, व्हॅनची पोरं तिथूनच आत जातात. पण ते गेट वापरात आहे असं दोन ओळींचं पत्र द्यायला शाळा तयार होईना. "आम्हाला वादात पडायचं नाही," म्हणाले. मग मोजणी बोळातल्या दारापासून पुढच्या गेटापर्यंत झाली आणि ७५ मीटरच्या जरा पुढे गेली. पंच कोण होते विचाराल तर गाळेवाल्याच्या ओळखीतलेच दोघे. आमच्यातलं कुणी तिथे नव्हतं, कारण दुपारची वेळ होती आणि सगळे कामावर. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते.

तरी मी हाय खाल्ली नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि फाइल बघायला मागितली. फाइल समोर आली. भाडेकरार, नकाशा, शॉप ॲक्टचा दाखला उलटत गेले आणि हात थांबला. आमच्या सोसायटीचं लेटरहेड. गोल शिक्का. सेक्रेटरींची लफ्फेदार सही. मजकूर एका वाक्याचा: सदर गाळ्यात व्यवसाय करण्यास सोसायटीची हरकत नाही.

कोणता व्यवसाय, ते कुठेच नाही.

ते पत्र मला आठवत होतं. गाळेवाला पेढे घेऊन कमिटीच्या बैठकीला आला होता. "कोल्ड्रिंक, वेफर्स, आइस्क्रीम ठेवणार आहे, काकू. बिल्डिंगमधल्या मुलांची सोय होईल." मी तिथल्या तिथे म्हटलं होतं की पत्रात धंद्याचं नाव घाला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, आपलाच माणूस आहे." इतिवृत्तात माझं बोलणं नाही. पेढ्यांचाही उल्लेख नाही म्हणा.

पुढे गाळेवाल्याला जिन्यात गाठलं आणि याचा जाब विचारला. तर हसत म्हणतो, "बिअर पण थंडच प्यायची असते ना, काकू!" हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि यावर कळस ऐका. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. आमच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. सेक्रेटरींनीही अंगठा दाखवला. आमच्याकडे एनओसी होतीच की, त्यांच्याच सहीची!

आता ज्यांच्या बिल्डिंगखाली गाळे आहेत त्यांच्यासाठी. गाळ्याला कसलंही पत्र द्यायचं झालं तर सर्वसाधारण सभेत ठराव करा, धंद्याचं नाव लिहा आणि 'मद्यविक्रीसाठी हे पत्र ग्राह्य नाही' हे वाक्य घालाच. जावक क्रमांक टाका, प्रत ठेवा. तुम्ही हरकत घेतली असेल तर ती इतिवृत्तात आली की नाही हे पुढच्या बैठकीत वाचून घ्या, कुणी तोंड वाकडं केलं तरी. देऊळ जुनं असेल तर त्याची नोंदणी आहे का ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आजच बघा. दुकान आल्यावर धावून उपयोग नाही. गाळ्याचं दार, शटर, भिंत हलताना दिसली की फोटो काढा.

हरकतीच्या अर्जात संस्कार, संस्कृती, तरुण पिढी असलं काही लिहू नका. आम्ही दोन पानं तेच लिहिलं होतं (मजकूर सेक्रेटरींचा) आणि त्याचा उपयोग शून्य झाला. नकाशा जोडा, मीटर लिहा, शाळेच्या मान्यतेचा कागद लावा. स्थळपाहणीच्या वेळी आमच्यासमोर मोजा, अशी लेखी मागणी आधीच देऊन ठेवा. प्रत्येक कागदावर पोच घ्या. एकजूट ठेवा, हे तर सगळेच सांगतात. आमची एकजूट मॅच सुरू होईपर्यंत टिकली.

दुकान सुरू झाल्यावरही हात टेकू नका. बिअर शॉपीतून सीलबंद बाटली विकायची असते, तिथे बसून प्यायची मुभा नसते. आमच्या बोळात रोज रात्री स्कूटरच्या सीटवर बैठक भरते. मी तारीख-वेळेसह फोटो ठेवते आणि ११२ ला फोन करते. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा तक्रारी त्याआधीच फाइलला लागलेल्या बऱ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करता येतं, पण त्याला मुदत असते. वकील आधी गाठा.

उरला उपाय आडव्या बाटलीचा, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाचा: आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद, उभ्या बाटलीला मत म्हणजे चालू. २००८ च्या आदेशानुसार वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर मतदान घेता येतं. सह्या मिळतील. मेख पुढे आहे. बाटली आडवी व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त मतं लागतात. त्या दिवशी किती जणी आल्या, त्यातल्या निम्म्या असा हिशेब नाही. आमच्या यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, फ्लॅट विकून गेलेल्या बायका आहेत, आमच्या स्वर्गवासी सासूबाईसुद्धा आहेत. न येणारी प्रत्येक जण उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते. म्हणून सह्यांच्या आधी यादी साफ करायला घेतली आहे. नाव वगळायला नमुना ७, नवीन घालायला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. माझ्याकडे कोरे अर्ज आहेत, कुणालाही लागले तर दुपारी चारनंतर घेऊन जा. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी त्यांचा भरून दिलासुद्धा.