सगळ्यांत हलका गिअर कोणता?

सायकल घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरल्यावर विचारतो, ‘किती गिअरची आहे?’ एकवीस, बावीस, चोवीस असं काहीतरी उत्तर येतं आणि आकडा मोठा असला की त्याचं समाधान होतं. सपाट मुलखात राहणाऱ्याचं त्यामुळे काही अडत नाही. पण पुणे, सातारा, कोल्हापूर किंवा कोकणात राहून जो रोडबाइक घेतो, त्याची सायकल आज ना उद्या घाटाला लागणारच. बोपदेव, दिवे घाट, सिंहगड, खंबाटकी, पसरणी, वरंधा, आंबोली. गावाबाहेर कुठल्याही अंगाने पडा, चढ वाट अडवून उभा असतोच. अशा माणसाने सगळ्यांत हलका गिअर कोणता, हे आधी विचारावं. बाकीच्या गोष्टी मागाहून. मला हे गुडघा दुखायला लागल्यावर कळलं. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझ्या सायकलला पुढे ५२ आणि ३६ दातांच्या दोन चेनरिंग होत्या आणि मागे ११ ते २८ दातांच्या चकत्यांची कॅसेट. ‘रेसिंगचा सेटअप आहे दादा, पाय तयार झाले की सगळे घाट निघतील,’ असं दुकानात सांगितलं गेलं. पाय तयारही झाले. सपाटीवर सायकल सुरेख पळायची. सिंहगडाला मात्र गोळेवाडीचा नाका मागे पडून खरा चढ लागला की मागे शेवटची चकती पडलेली असायची, आणि शिफ्टर पुन्हा दाबला तर पुढे काहीच नसायचं. मग उभं राहून, हँडल दोन्ही बाजूंना ओढत, प्रत्येक पेडल अंगाच्या वजनाने खाली दाबायचं. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता एकदम उभा होतो, तिथे पेडल वरच्या बिंदूला जवळजवळ थांबायचं. असे काही रविवार गेल्यावर जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायला लागली. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाडं ठीक आहेत म्हणाले आणि विचारलं, ‘चढावर मिनिटाला पाय किती वेळा फिरतो?’ चाळीसच्या आसपास, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. ‘मग दुखणारच. ताकद कमी नाहीये तुमची, दाब जास्त पडतोय. साठ-सत्तर फेऱ्या बसतील असं काहीतरी करा, नाहीतर घाट बंद करा.’

घाट बंद करायचा नव्हता. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलालाही जमेल असा आहे आणि सायकल घेण्याआधी प्रत्येकाने तो करावा, असं मला कळकळीने वाटतं.

पुढच्या चेनरिंगच्या दातांना मागच्या चकतीच्या दातांनी भागा. माझ्या सायकलवर सगळ्यांत हलका गिअर ३६ भागिले २८, म्हणजे साधारण १.२९. पेडलची एक फेरी झाली की चाक एवढं फिरतं. २५ मिलिमीटरचा टायर असलेलं रोडबाइकचं चाक एका फेरीत सुमारे २.१ मीटर जातं. म्हणजे माझी सायकल प्रत्येक पेडलफेरीला २.७ मीटर पुढे जाणार. मिनिटाला साठ फेऱ्या ठेवायच्या तर ताशी पावणेदहा किलोमीटरच्या वेगाने चढावं लागेल. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि पंक्चरचं सामान मिळून ८५ किलो धरले, तर आठ टक्क्यांच्या चढावर त्या वेगाला दोनशे वॅटच्या थोडी वरच ताकद लागते. दहा टक्क्यांच्या चढावर अडीचशे. नेमाने सायकल चालवणारा हौशी माणूस तासभर दीडशे-एकशे साठ वॅट टिकवून धरू शकतो. त्यापेक्षा जास्त मागणारा गिअर असेल तर शरीराला एकच मार्ग उरतो, पाय हळू फिरवायचा. एकशे साठ वॅटमध्ये आठ टक्क्यांवर माझा पाय मिनिटाला पंचेचाळीस-सत्तेचाळीस वेळा फिरणार, दहा टक्क्यांवर चाळीसच्याही खाली. डॉक्टरांना सांगितलेला आकडा कागदावर जसाच्या तसा उतरला.

आता ३४ ची चेनरिंग आणि मागे ३४ ची चकती घ्या. एका फेरीला २.१ मीटर. साठ फेऱ्यांना वेग ताशी साडेसात किलोमीटर, आणि आठ टक्क्यांच्या चढाला १६० वॅट पुरतात. माणूस तोच, घाटही तोच. वर पोचायला तेवढाच वेळ लागतो, कारण ताकद तेवढीच खर्च होते आहे. फरक पडतो तो एकेका फेरीत गुडघ्यावर येणाऱ्या दाबाचा. हलका गिअर लावला तर वेग कमी होईल ही भीती बऱ्याच जणांना वाटते. वेग आपली ताकद आणि आपलं वजन ठरवतात. ती ताकद किती घावांत वाटून द्यायची, एवढंच गिअर ठरवतो.

हलक्या गिअरबद्दलचा कमीपणा जुना आहे. टूर द फ्रान्सच्या शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरायला बंदी होती. आल्प्स आणि पिरेनीज चढताना स्वार खाली उतरून मागचं चाक उलटं बसवत, म्हणजे दुसऱ्या बाजूची चकती चेनखाली येई. आता तिथलेच व्यावसायिक स्वार झोंकोलान किंवा आंग्लिरूसारख्या उभ्या चढांना मागे मोठ्या चकत्या बिनदिक्कत लावतात. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ या किताबाची गोष्ट ऐकत आम्ही मोठे झालो. बोरघाट जड गिअरवर उभ्याने खेचणाऱ्या त्या स्वारांबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांचं वय, वजन आणि रोजचा सराव आपल्याकडे नसताना त्यांचा गिअर तेवढा आपण उचलायचा, याला अर्थ नाही.

सिंहगडाच्याच चढावर पाहिलेली एक गोष्ट सांगतो. कॉलेजातला एक मुलगा साध्या, जाडजूड, एकवीस गिअरच्या एमटीबीवर बसल्या बसल्या पाय फिरवत वर येत होता, शेजारच्या मित्राशी बोलत. अशा सायकलींना पुढे सहसा तीन चेनरिंग असतात, सगळ्यांत लहान २४ दातांची, आणि मागे २८ पर्यंतचं फ्रीव्हील. २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. एका फेरीला पावणेदोन मीटर. सायकल माझ्यापेक्षा पाच-सहा किलोंनी जड असेल, पण त्याच्या गुडघ्याला ती सुखाची होती. हलक्या वजनाच्या सायकलीसाठी लोक पाऊण-एक किलोमागे हजारो रुपये मोजतात. तेवढ्याच पैशांत गिअर बदलला तर घाटात कितीतरी जास्त फरक पडतो.

स्वतःचा गिअर ठरवताना घाटाच्या सरासरीवर जाऊ नका. वाईहून पाचगणी पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि मधला पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा. सरासरी साडेचार टक्के पडते आणि ती बऱ्यापैकी खरी असते, कारण तो घाट एकसारखा चढत जातो. सिंहगडाचं तसं नाही. तिथे मध्येच सपाटीसारखे तुकडे येतात, ते सरासरी खाली ओढतात, आणि त्याची भरपाई करणारे उभे तुकडे आपल्या पायाला मोजावे लागतात. नेहमीच्या रस्त्यावरचा सगळ्यांत उभा अर्धा किलोमीटर कोणता, तो शोधा. तिथे बसून, न खेचता, साठ फेऱ्या बसतील असा गिअर हवा. शंका असेल तर त्याहून एक चकती हलका घ्या. न वापरलेला हलका गिअर काही मागत नाही. नसलेला गिअर मात्र पाय टेकवायला लावतो.

याची किंमत नाही असं नाही. अकरा चकत्यांच्या ११-२८ कॅसेटमध्ये ११, १२, १३, १४, १५ असे दात एकेकाने वाढतात. ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७ अशा उड्या आहेत. सोलापूर रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध गटाने जाताना १३ जड आणि १५ हलकी, मधली १४ हवी होती असं वाटतं खरं. शर्यती खेळणाऱ्याला ते खुपेल. आठवड्याला एक घाट करणाऱ्याने तेवढं सोसावं. उतारावर ५० भागिले ११ चा गिअर नव्वद फेऱ्यांना ताशी पन्नासच्या वर पळवतो; आपल्या घाटांतले खड्डे, एसटी आणि वळणांवरची बारीक खडी पाहता त्याहून जड गिअर कशाला हवा, हे मला कळत नाही.

आता बदल कसा करायचा. इथे घाई केली तर नुकसान मोठं होतं. आमच्या गटातल्या एकाने ३४ ची कॅसेट आणून मेकॅनिककडून बसवून घेतली. डिरेलर जुना, आखूड पिंजऱ्याचा. चेनही जुनीच ठेवली गेली. दोन रविवार काही झालं नाही, कारण पुढे मोठी आणि मागेही मोठी अशी जोडी पडलीच नाही. वरंधा घाटात दमलेल्या अवस्थेत ती पडली. चेन एवढी ताणली गेली की डिरेलरचा पिंजरा आडवा झाला, पिंजऱ्यातली वरची छोटी चकती कॅसेटवर घासल्याचा करकर आवाज आला आणि पुढच्याच दाबाला डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा हँगर तुटून डिरेलर स्पोकमध्ये गेला. चालत्या चाकात. तो पडला नाही ते चढावर वेग कमी होता म्हणून. नंतर चेन तोडून, छोटी करून एकाच गिअरवर सायकल चालती केली आणि भोरपर्यंत आणली.

म्हणून आधी डिरेलरवर काय लिहिलंय ते बघा. शिमानोच्या रोड डिरेलरमागे एसएस असेल तर पिंजरा आखूड, जीएस असेल तर लांब. प्रत्येकाला दोन मर्यादा असतात. एक, तो मागे जास्तीत जास्त किती दातांची चकती पेलतो. दुसरी, एकूण किती ढिली चेन गोळा करून घेऊ शकतो. हा दुसरा आकडा काढायला पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चकतीतला फरक यांची बेरीज करायची. ५०-३४ आणि ११-३४ असेल तर १६ आणि २३ मिळून ३९. शिमानो १०५ च्या आर-७००० मालिकेतला जीएस डिरेलर नेमका ३९ पर्यंत चालतो. त्याचाच एसएस ३५ वर थांबतो, म्हणजे ११-३० पर्यंत. हे आकडे कंपनीच्या पत्रकात असतात. मेकॅनिक ‘चालतंय हो’ म्हणाला तरी पत्रक बघा.

मोठी कॅसेट घेतली की चेन नवी आणि लांब घ्यायचीच. बसवल्यावर सायकल स्टँडवर लावून, हाताने पेडल फिरवत, पुढे मोठी-मागे मोठी ही जोडी सावकाश टाकून बघा. पिंजऱ्यात अजून थोडी लवचीक जागा उरली पाहिजे आणि वरची छोटी चकती कॅसेटला लागता कामा नये. लागत असेल तर डिरेलरचा बी-स्क्रू आवळून ती खाली घ्या. हे दुकानात आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

कॅसेट आणि चेन हा सगळ्यांत स्वस्त बदल. त्याने भागलं नाही तर डिरेलर. क्रँकला हात शेवटी. अलीकडच्या शिमानोच्या चार बोल्टच्या क्रँकवर ५२-३६ काढून ५०-३४ बसवता येते, क्रँक बदलावा लागत नाही. पण फक्त लहान चेनरिंग बदलून ५२-३४ करू नका, एवढा फरक पुढच्या डिरेलरला झेपत नाही आणि चेन खाली पडते. जुन्या पाच बोल्टच्या, १३० मिलिमीटरच्या क्रँकवर ३८ पेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही. तशी सेकंडहँड सायकल घाटासाठी घेत असाल तर क्रँकचा खर्च आधीच किमतीत धरा.

आमच्या गटात साठीच्या जवळच्या एक ताई आहेत. वजन जेमतेम पन्नास किलो. दुकानात त्यांनाही तीच ५२-३६ पुढे केली गेली होती, उंचापुऱ्या तरुणाला देतात तीच. त्यांनी ती नाकारली आणि पुढे ४६-३० असलेली ग्रॅव्हल सायकल घेतली, मागे ३४. त्यांचा सगळ्यांत हलका गिअर फेरीला १.८५ मीटरच जातो. पसरणी घाट त्या एका लयीत चढतात. पाचगणीला पोचल्यावर त्यांना पाय मोकळे करत बसावं लागत नाही. रस्ता सगळ्यांना तेवढाच उभा असतो, ताकद सारखी नसते. तरी दुकानात सगळ्यांना एकच गिअर का विकला जातो, हे त्यांनी मला विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हे लिहायला बसण्याचं ते एक कारण.

लांब पल्ल्याच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या बीआरएम राइड करणाऱ्यांनी आणखी एक धरावं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास असतात, सहाशेला चाळीस. घाट पहाटे ताज्या पायांनीच येईल असं नाही. सामानाची पिशवी, दिवे, जास्तीचं पाणी मिळून चार-पाच किलो वाढलेले असतात आणि दीडशे किलोमीटरनंतर सकाळचे एकशे साठ वॅट एकशे वीसवर आलेले असतात. तेवढ्यात आठ टक्क्यांच्या चढावर साठ फेऱ्या हव्या असतील तर फेरीला दीड मीटर लागेल, जो गिअर रोडबाइकवर सहजी मिळत नाही. ३०-३४ असेल तर निदान पन्नासच्या जवळ तरी राहता येतं. चढ दिसला की पायावर दाब असतानाच पुढची चेनरिंग बदलू नका. आधीच, थोडं सपाट असताना, लहानीवर या. भरल्या दाबात चेन खाली पडली तर ऐन वळणावर, मागून ट्रक येत असताना, पेडलला अडकलेली बुटाची क्लीट सोडवत उतरावं लागतं.