दोन राउटर, एक पत्ता
कार्यालयातील संगणकजाल अखंड चालू ठेवण्याची पद्धती

सातबारा उतारे, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळांची पटनोंदणी, ग्रामपंचायतींचे हिशेब अशी अनेक कामे आता संगणकजालावरून होतात. जाल बंद पडले, की दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेला नागरिक रिकाम्या हाताने परततो. कार्यालयात एकच राउटर असेल, तर त्यातील साधा बिघाडही सर्व काम थांबविण्यास पुरेसा ठरतो.

अडचण कोठे आहे?

प्रत्येक संगणकात बाहेर जाण्याच्या दाराचा एक पत्ता नोंदविलेला असतो. त्यास डिफॉल्ट गेटवे म्हणतात. नुसता दुसरा राउटर आणून ठेवल्याने भागत नाही. कारण त्याचा पत्ता निराळा असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर माहिती धाडीत राहतात.

यावर तोडगा म्हणून व्हीआरआरपी ही प्रमाणित पद्धती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीत आयपीच्या चौथ्या व सहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांचा समावेश झाला. ग्रामपंचायतीचे पत्र ‘सरपंच’ या पदाच्या नावे येते. सरपंच गैरहजर असता उपसरपंच कामकाज पाहतात. त्याचप्रमाणे येथे पत्ता यंत्राचा नसून पदाचा असतो. यालाच आभासी आयपी पत्ता म्हणावयाचे.

रचना कशी करावी?

समजा, पहिल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.२ व दुसऱ्याचा १९२.१६८.१०.३ आहे. रचनेचा क्रम असा :

१. दोन्ही राउटरांवर एकच गटक्रमांक द्यावा. तो १ ते २५५ च्या दरम्यान असतो.

२. दोहोंवर १९२.१६८.१०.१ हा एकच आभासी पत्ता नोंदवावा.

३. पहिल्यास १२० व दुसऱ्यास १०० असा अग्रक्रम द्यावा. ज्याचा अंक मोठा, तो मुख्य, दुसरा राखीव.

४. सर्व संगणकांत गेटवे म्हणून केवळ आभासी पत्ता भरावा. हीच पायरी राहून गेली, तर पुढील सारी खटपट वाया जाते.

काम कसे चालते?

मुख्य राउटर सामान्यतः दर सेकंदास ‘मी कार्यरत आहे’ अशी सूचना प्रसृत करतो. सुमारे तीन सूचनांच्या अवधीत काहीच ऐकू आले नाही, तर राखीव राउटर सूत्रे हाती घेतो. वरील उदाहरणात हा अवधी सुमारे ३.६ सेकंदांचा होतो. आभासी पत्त्याबरोबर त्याचा ठराविक भौतिक पत्ताही राखीव राउटरकडे येतो. म्हणून संगणकांत काहीही बदलावे लागत नाही.

एक धोका मात्र ध्यानी घ्यावा. मुख्य राउटर चालू आहे, परंतु त्याची बाहेरील तार तुटली आहे, अशा वेळी तो सूचना देतच राहतो आणि माहिती मात्र पुढे जात नाही. यासाठी बाहेरील जोडणीवर देखरेख ठेवण्याची सोय वापरावी. जोडणी तुटताच अग्रक्रम ३० ने कमी होऊन ९० व्हावा, म्हणजे १०० अग्रक्रमाचा राखीव राउटर पुढे येईल. त्यासाठी त्यावर कमी अग्रक्रमाच्या राउटरकडून ताबा घेण्याची मुभा चालू असली पाहिजे.

दक्षता

दोन्ही राउटर एकाच वीजजोडणीवर किंवा बाहेरच्या एकाच तारेवर असतील, तर दोन्ही एकदम निकामी होतील. शक्य तेथे वीज, स्विच व बाहेरील मार्ग वेगळे ठेवावेत. राउटरांमधील आपापसातील दुवा तुटल्यास दोघेही स्वतःस मुख्य समजू लागतात. म्हणून तो दुवा भक्कम असावा.

रचना पूर्ण झाल्यावर कामाची वेळ टाळून मुख्य राउटर मुद्दाम बंद करावा, कामकाज चालू राहते काय ते पाहावे आणि नंतर त्याची बाहेरील तार काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. ठराविक काळाने ही चाचणी करून तिची तारीख व निष्कर्ष नोंदवहीत लिहावेत. राखीव राउटर अनेक महिने नादुरुस्त असूनही कोणास पत्ता नसणे सहज संभवते. कारण मुख्य राउटर चालू असेतोवर त्याची उणीव जाणवत नाही. ही नोंदवही नियमितपणे ठेवणाऱ्या कार्यालयात, एक राउटर बंद पडला तरी दाखल्यासाठी लागलेली रांग पुढे सरकत राहील.