दोन मुलं, दोन हात: सलालाहची सहल

वाचण्यापूर्वी

१. तुम्ही कधी आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाबरोबरच प्रवास केला आहे का? कुठे?
२. नकाशावर ओमान शोधा. सलालाह देशाच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला?

वाचन १: निघण्यापूर्वी

दुबईत एक मराठी कुटुंब राहतं. आई, नऊ वर्षांची ताई आणि चार वर्षांचा धाकटा. घरात मोठं माणूस एकच, आई. जुलैच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन विमानाने सलालाहला जायचं ठरवते.

दोन मोठी माणसं असली की कामं वाटून घेता येतात. एक जण रांगेत उभा राहतो, दुसरा मुलांकडे बघतो. आई एकटी आहे. तिला एका वेळी दोन ठिकाणी असता येत नाही. म्हणून बऱ्याच गोष्टी तिला आधीच ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. प्रत्येक मुलाचा स्वतःचा पासपोर्ट लागतोच. पण आईने लग्नानंतर माहेरचं आडनाव ठेवलं आहे आणि मुलांचं आडनाव वडिलांचं आहे. पासपोर्ट तपासणारा अधिकारी विचारू शकतो, "ही मुलं तुमचीच ना?" अशा वेळी जन्मदाखला उपयोगी पडतो, कारण त्यावर आई-वडील दोघांची नावं असतात. दुसऱ्या पालकाचं संमतिपत्रही जवळ असलेलं बरं. कॅनडाचं सरकार तर असं पत्र जवळ ठेवण्याचा सल्लाच देतं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, म्हणून आधी वकिलातीकडे किंवा विमान कंपनीकडे चौकशी करावी.

मराठी पद्धतीत मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं आणि मग आडनाव. आईचं नाव त्यात नसतं. महाराष्ट्रात मात्र १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लिहावं लागतं: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.

दुसरी गोष्ट मुलांच्या तयारीची. आई ताईकडून स्वतःचा फोन नंबर पाठ करून घेते. ओमानमध्ये संकटाच्या वेळी ९९९९ हा नंबर लावतात, तोही ताई पाठ करते. धाकट्याच्या खिशात आई एक चिठ्ठी ठेवते. तिच्यावर नाव, हॉटेल आणि फोन नंबर लिहिलेला असतो.

विमानात हवाई सुंदरी सांगते, "मास्क आधी स्वतःला लावा, मग मुलांना." ताईला ते विचित्र वाटतं. आई समजावते, "मीच बेशुद्ध पडले, तर तुम्हाला कोण लावणार?"

वाचन २: सलालाहचा पावसाळा

सलालाह हे ओमानच्या दक्षिणेकडच्या धोफार प्रांतातलं मुख्य शहर आहे. जून ते सप्टेंबर या काळात आखाती देशांत कडक ऊन असतं. दुबईला तापमान ४० अंशांच्या वर जातं, पण सलालाहला ते २५ च्या आसपास असतं. डोंगर हिरवेगार होतात, धुकं उतरतं, दिवसभर बारीक पाऊस पडतो. वादी दरबातला धबधबे वाहू लागतात. महाराष्ट्रात पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारेच धोफारच्या किनाऱ्यालाही ओलावा देतात.

या ऋतूला तिथे 'खरीफ' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्या शेतकऱ्यांचा 'खरीप हंगाम' त्याच अरबी शब्दावरून आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू. तारीख, हिशोब, मुक्काम, दुकान हे शब्दही अरबीतूनच मराठीत आले.

सलालाहजवळ ऊद देणारी झाडं आहेत. या झाडांच्या सालीला चीर देतात. आतून चीक येतो, तो वाळला की ऊद तयार होतो. या ऊदाच्या प्राचीन व्यापाराशी जोडलेल्या धोफारमधल्या जागा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या.

शहराच्या पश्चिमेला मुघसैल नावाचा किनारा आहे. तिथे खडकांना भोकं आहेत. खाली लाट आपटली की पाणी भोकांतून फवाऱ्यासारखं उंच उडतं. हे बघायला खूप गर्दी होते. पण खरीफमध्ये समुद्र अतिशय खवळलेला असतो. जुलै २०२२ मध्ये काही पर्यटक इथे कठडा ओलांडून खडकांवर गेले. मोठ्या लाटेने त्यांना ओढून नेलं आणि काहींचा जीव गेला.

म्हणून आईचा नियम साधा आहे: दोन मुलं, दोन हात. समुद्राजवळ फोन पिशवीत. फोटो नसला तरी चालेल.

संवाद: शहाळ्याच्या दुकानाजवळ

*(रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी विकणारी दुकानं आहेत. तिथे एक मराठी काकू भेटतात.)*

काकू: अय्या, मराठी का तुम्ही? कुठून आलात?

आई: दुबईहून. तुम्ही?

काकू: आम्ही मस्कतचे. मिस्टर नाही दिसत? गाडीत आहेत का?

आई: नाही, आम्ही तिघंच आलोय.

काकू: अगंबाई! एकट्या? दोन लहान मुलं घेऊन?

ताई: एकटी नाही काही! मी आहे ना. पाण्याची पिशवी माझ्याकडे असते.

धाकटा: आणि मी पण आहे! आई, मला मोठ्ठा फवारा बघायचाय. मी पळत जाणार!

आई: पळायचं नाही, बाळा. काय ठरलंय आपलं?

धाकटा: *(हिरमुसून)* कठड्याच्या अलीकडे. तुझा हात धरून.

आई: शाब्बास. काकू, जरा ही शहाळी धरता का? मी याचा गाडीतला पट्टा लावून घेते.

काकू: द्या की. आणि हे बघा, आम्ही पण मुघसैललाच निघालोय. धुकं खूप आहे, वाटेत उंटही आडवे येतात. आमच्या गाडीमागून सावकाश या.

आई: बरं होईल. मी विचारणारच होते.

ताई: *(हळूच)* आई, तू तर म्हणतेस आपलं आपण करायचं.

आई: हो. आणि लागेल तेव्हा मदत मागायची, हेही आपणच करायचं.

शब्दार्थ

* जन्मदाखला: जन्माची नोंद असलेला सरकारी कागद
* संमतिपत्र: "माझी हरकत नाही" असं लिहिलेलं पत्र
* वकिलात: परदेशात असलेलं एखाद्या देशाचं कार्यालय
* खवळलेला: खूप उसळणारा (समुद्र)
* कठडा: पडू नये म्हणून बांधलेली कमी उंचीची भिंत किंवा दांड्या
* शहाळं: कोवळा, पाण्याचा नारळ
* हिरमुसणे: मनासारखं न झाल्याने नाराज होणे

भाषेकडे लक्ष द्या

*अ) माणसं मोजताना*
बाबा आणि दादा: दोघे. आई आणि ताई: दोघी. ताई आणि धाकटा: दोघं.
याच पद्धतीने: तिघे, तिघी, तिघं. आईने "तिघं" का म्हटलं? "तिघी" का नाही?

*आ) लिहिताना आणि बोलताना*
आलो आहोत → आलोय
बघायचा आहे → बघायचाय
ठरलं आहे → ठरलंय
"आम्ही निघालो आहोत" हे बोलताना कसं म्हणाल?

प्रश्न

१. आईला मुलांचे जन्मदाखले का न्यावे लागले?
२. विमानात मास्क आधी स्वतःला का लावायचा?
३. 'खरीफ' आणि 'खरीप' यांचा काय संबंध आहे?
४. काकूंना वाटलं आई एकटी आहे. ताईला तसं का वाटलं नाही?
५. आईने काकूंकडे शहाळी दिली, धाकट्याला दिलं नाही. तुम्हाला हे बरोबर वाटतं का? का?

लिहून पाहा

तुमच्या घरातलं एकच मोठं माणूस तुम्हाला घेऊन परदेशी निघालं आहे. तुम्ही कोणती तीन कामं स्वतःकडे घ्याल? पाच-सहा वाक्यं लिहा. मग ती घरी मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, "यातलं कोणतं काम मला खरंच द्याल?"