आधी पाहा, मग स्वीकारा : पालक आणि नवी संगणकप्रणाली

सुट्टीत घरी आलेला मुलगा म्हणतो, “बाबा, हा संगणक आता सुरक्षित राहिला नाही. यावर लिनक्स घालू या.” वडील म्हणतात, “चालतोय ना? मग चालू दे.” संवाद तेथेच थांबतो. मुलाला वडील हट्टी वाटतात आणि वडिलांना मुलगा उतावळा. या प्रसंगी धम्माची शिकवण आपल्याला कोणता मार्ग दाखवते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम मुलाचे म्हणणे पाहू. विंडोज १० या प्रणालीची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संगणक त्यानंतरही सुरू होतो. म्हणूनच धोका डोळ्यांना दिसत नाही. परंतु ठरावीक मुदतीची वाढीव सेवा घेतली नसेल, तर प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजवली जात नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुनी यंत्रे त्यासाठी अपात्र ठरतात. नवा संगणक घेण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते.

येथे लिनक्सचा पर्याय पुढे येतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा जगापुढे ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. ही प्रणाली कोणीही वापरावी, अभ्यासावी, सुधारावी आणि इतरांना द्यावी, अशी तिची मोकळीक आहे. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही तिची घरगुती वापराला सोयीची रूपे विनामूल्य मिळतात.

मुलाचे म्हणणे खरे असले, तरी तेवढ्याने ते वडिलांनी मान्य करावे असे ठरत नाही. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते, की परंपरेने आले, ऐकिवात आले किंवा गुरू पूज्य आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः जाणून घ्या. हा उपदेश दोघांनाही लागू पडतो. जुनी सवय म्हणून वडिलांनी चिकटून राहू नये आणि ‘मी शिकलो आहे’ म्हणून मुलाने लादू नये. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे आवाहन करणारा.

सुदैवाने लिनक्सही असेच पाहता येते. आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ती उतरवून घ्यावी आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. ‘इन्स्टॉल’ हा पर्याय निवडला नाही, तर संगणकातील जुनी प्रणाली जशीच्या तशी राहते. पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले की जुना पडदा परत येतो. हा गति-प्रत्यय वडिलांना एकदा येऊ द्यावा. परतीची वाट दिसली की पाऊल पुढे पडते. पेन ड्राइव्हवरून काम थोडे संथ चालते, हेही आधीच सांगावे.

दुःखाला कारण असते, तसे अनिच्छेलाही असते. ते विचारावे आणि कागदावर लिहावे. विहाराच्या वर्गणीचा हिशेब उघडेल का? प्रिंटर चालेल का? लग्नाचे फोटो राहतील का? प्रत्येक ओळ त्यांच्यासमोर तपासावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसरीकडे अगम्य अक्षरांसारखा दिसू शकतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून वाचून पाहावा. त्यांचे काम केवळ विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असेल, तर बदलाचा आग्रह सोडावा आणि सुरक्षेचा दुसरा उपाय शोधावा. हीही सम्यक वाचाच होय.

होकार मिळाल्यावर सर्व फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या उघडून पाहाव्यात. माऊस वडिलांच्या हाती द्यावा. लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा, अशी मुभा बुद्धांनी दिली होती. म्हणून पडद्यावरची भाषा मराठी करावी आणि समजावतानाही त्यांच्याच शब्दांत बोलावे. पुढचा महिनाभर त्यांचा फोन आला, तर “परवाच तर सांगितलं होतं” असे म्हणू नये.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांना पूर्व दिशा म्हटले आहे. त्या दिशेचा आदर म्हणजे त्यांच्या शंकेचाही आदर. आपल्याला या शाळेत घालण्यापूर्वी आपले आईवडीलही साशंक होते. त्यांनी येथे येऊन झोपण्याची जागा पाहिली, स्वयंपाकघर पाहिले, गुरुजनांना प्रश्न विचारले आणि मगच आपला हात सोडला. त्या दिवशी शाळेने त्यांना घाई केली नाही. आज संगणकापुढे ते थबकले असतील, तर आपणही करू नये.