एक्स-रेवरून संगणक क्षयरोग कसा ओळखतो?

प्रश्न : संगणकाने एक्स-रेत क्षयरोगाची शक्यता दाखवली, तर लगेच औषधे सुरू करावीत का?

उत्तर : एक्स-रेत हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते; क्षयाचे डाग किंवा न्यूमोनियाने भरलेला भाग पांढुरका. हा फरक डीप लर्निंग प्रणालीला नियम सांगून शिकवला जात नाही. निदानाची नोंद असलेले हजारो एक्स-रे तिला दाखवतात. प्रत्येक चुकीनंतर तिच्यातले लाखो आकडे किंचित बदलतात आणि रोगाशी जुळणाऱ्या खुणा तिच्यात रुजतात.

खरी अडचण या खुणांचीच आहे. दुसऱ्या एका आजाराचे उदाहरण पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) २०१७ मध्ये १,१२,१२० एक्स-रेंचा संग्रह खुला केला. त्यातल्या न्यूमोथोरॅक्सच्या, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलेल्या, अनेक रुग्णांच्या छातीत उपचाराची नळी आधीच बसवलेली होती. अशा चित्रांवर शिकलेली प्रणाली आजाराऐवजी नळीच ओळखू लागते. नळी नसलेला, उपचार न मिळालेला रुग्ण मग सुटतो, आणि नेमका तोच सापडायला हवा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी एक्स-रे वाचणाऱ्या प्रणालींच्या वापराची शिफारस केली. पण प्रणाली रोगाच्या शक्यतेचा गुणांक देते, निदान नव्हे. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचे व्रणही गुणांक वाढवतात. त्यामुळे केवळ गुणांकावर औषधे सुरू करू नयेत. थुंकीतले क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी करावी. चाचणीत जंतू आढळले नाहीत, तरी खोकला-ताप टिकून असल्यास पुढचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.